मृगाआधी फणसाचं आळं मोडा

वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ला. ज्यांच्या परसात, बांधावर, विहिरीच्या कडेला फणसाचं झाड आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी कुदळ घ्यावी आणि झाडाभोवतीचं आळं, म्हणजे पाणी धरणारा मातीचा गोल खळगा, मोडून यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

उन्हाळाभर त्याच आळ्यानं झाड जगवलं, हे मान्य. भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे आळ्याशिवाय कोवळं झाड टिकत नाही. पण मेमध्ये जे आळं ताटासारखं पाणी धरतं, तेच जुलैत बुंध्याशी डबकं होतं. खान्देशात मी फणसाची जेवढी झाडं मेलेली पाहिली, त्यातली फार थोडी उन्हानं गेली. बाकीची श्रावणात गेली, पाण्यात उभी राहून. आणि लोक म्हणतात, "आठे फनस येत नही भो," म्हणजे इथे फणस येत नाही.

येतो. आपणच त्याला बुडवतो.

हिशेब बघा. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जळगाव-धुळ्याकडे त्याची चौथाईही नाही. तरी तिकडे फणस डोलतो आणि इकडे चारसहाशे मिलिमीटरात कुजतो. कारण तिकडे उताराची जांभ्याची जमीन असते, पाणी येतं आणि निघून जातं. आपली काळी कापसाची जमीन एकदा फुगली की पाणी खाली सोडत नाही. फणसाच्या मुळाला ओल लागते तशी हवाही लागते. चारपाच दिवस मुळाशी पाणी तुंबलं की बारीक मुळं गुदमरतात, मागोमाग बुरशी शिरते.

त्यात लागवडीचा खड्डा. पुस्तकात एक मीटर लांब, रुंद, खोल असं लिहिलेलं असतं. मुरमाड जमिनीत ते बरोबर आहे, नवापूर-धडगावकडच्या उतारावरही चालेल. पण भारी काळ्या रानात असा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती-शेणखत भरलं की जमिनीत रांजण पुरल्यासारखं होतं. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं, बाहेर पडायला वाट नाही. यावर विद्यापीठाचा शिक्का नाही, माझा अनुभव आहे: काळ्या जमिनीत खड्डा फूटभरच घ्या, त्यात मुरूम मिसळा आणि वर दीड-दोन फुटांचा ढिगारा करून झाड ढिगाऱ्याच्या माथ्यावर लावा. पावसात ढिगारा बसतो म्हणून सुरुवातीलाच थोडा उंच धरा. विहीर खोदताना निघालेल्या मुरमाच्या ढिगाच्या कडेला लावलेली झाडं मला सगळ्यात तरतरीत दिसली आहेत. घराच्या किंवा मोठ्या कडुलिंबाच्या पूर्वेला जागा मिळाली तर आणखी चांगलं, दुपारनंतरचं ऊन अडतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. यावल तालुक्यात ओळखीच्या एका केळीवाल्या भाऊंनी बोलावलं. बांधावरचा चार वर्षांचा फणस, पानं पिवळी पडून खाली लोंबलेली. भाऊंना वाटलं झाड तहानलंय, म्हणून केळीच्या ठिबकची नळी वळवून रोज दोन तास पाणी सोडत होते. आळं तसंच, कडा चांगल्या चोपून बसवलेल्या. कृषी केंद्रातून 'मुळ्या वाढवणाऱ्या' तीन बाटल्या आणून त्याही त्याच डबक्यात ओतलेल्या. मी बुंध्यापासून हातभर अंतरावर उकरलं. नाल्यासारखा वास आला. करंगळीएवढं मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी सुटून हातात आली, आत वातीसारखा तपकिरी दोरा. त्या झाडाला तहान नव्हती, पाणी वर चढवायला मुळंच उरली नव्हती. बाटल्यांच्या पैशांत मुरमाची अर्धी ट्रॉली आली असती. माझं स्वतःचं पहिलं झाड असंच गेलं होतं, म्हणून भाऊंना बोल लावायला माझी जीभ रेटली नाही.

तेव्हा पावसाळ्यात पान लोंबलं की पाण्याची नळी नाही, आधी कुदळ. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन चिकट राहिला, वास मारला, तर पुढचं त्याच दिवशी करा. आळं मोडा. बुंध्याभोवतीची माती ओढून उताराकडे चर काढा, चराचं तोंड बांधाबाहेर सोडा. कुजकी मुळं धारदार चाकूनं कापा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक (५० टक्के) लिटरला ३ ग्रॅम घेऊन लहान झाडाला ५ ते १० लिटर द्रावण मुळाशी ओता. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फांद्यांचा भार तिसऱ्या हिश्शानं कमी करा, उरलेल्या मुळांना तेवढाच पोसवेल. तीनेक आठवडे गेल्यावर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी, १०० किलो कुजलेल्या शेणखतात १ किलो मिसळून, त्यातलं पाटीभर झाडाला. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकदम देऊ नका. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत घालून देतो, पण पहिलं दुसऱ्याला मारतं. निम्म्याहून जास्त पानं गळली असतील तर पैसे घालवू नका, ते झाड गेलं.

निरोगी झाडाची या पंधरवड्यातली कामं:

- आळं मोडणे, बुंध्याला मातीची उतरती भर देणे
- ठिबकची नळी बुंध्यापासून तीन-चार फूट दूर, पाऊस लागला की बंद
- उन्हाळ्यातलं कपाशीच्या पऱ्हाट्यांचं, पाल्याचं आच्छादन बुंध्यापासून फूटभर मागे
- वाळकी, रोगट फांदी आणि फळांचे जुने देठ कापणे
- कुजलेलं शेणखत फांद्यांच्या घेराखाली, बुंध्याला चिकटवून नाही
- रासायनिक खत माती परीक्षण पाहून, कृषी विज्ञान केंद्रात विचारून
- बुंध्याला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी अडवणारा लेप

पेस्ट घरी करा. तयार डब्याची किंमत ऐकून मी तरी तो परत ठेवला. दोनतीन झाडांना १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी पुरतं. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना आणखी घाला. त्याच दिवशी लावून संपवा.

खोडावर भुश्यासारखी जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी खरवडा, छिद्रात तार घाला, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपा.

आणखी एक, बाटली विकायचं हे ठरलेलं निमित्त: थंडीत बोटाएवढी फुलं काळी पडून गळतात आणि लोक घाबरून फवारणी घेतात. ती नर फुलं असतात. परागकण सांडले की त्यांचं काम संपलं, ती गळायचीच. तसंच 'दीड वर्षात फळ' सांगून विकली जाणारी व्हिएतनामी कलमं. घ्यायची तर घ्या, पण महागडं कलमही आळ्यात तितकंच लवकर कुजतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण प्रॉलिफिक ही कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांची, जात आहे, मिळाली तर मी ती घेईन.

आता झाडावर उरलेल्या फळांचं. मोठा पाऊस लागला की गरे पाणचट होतात, म्हणून तयार फळं आधीच उतरवा. काटे पसरट झाले, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, देठाजवळचं पान पिवळं पडलं की काढा. दोरीनं बांधून खाली सोडा, आपटू नका. कापताना हाताला आणि विळीला तेल चोपडा. चीक लागलाच तर आधी तेलानं पुसा, साबण नंतर.

अजून कच्चं फळ असेल तर त्याची भाजी आपल्या पद्धतीनं उत्तम होते. साल आणि मधला दांडा काढून फोडी हळद-मिठात अर्ध्या शिजवा, पाणी टाकून द्या. कांदा, सुकं खोबरं, लसूण भाजून वाटा, काळा मसाला घाला. शेवभाजीला जो रस्सा करता तोच. शेंगदाण्याच्या तेलावर तर्री येऊ द्या, मग फोडी सोडा आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत घरातला मटण खाणारा माणूसही गप्प बसून जेवतो.

आठळ्या फेकू नका. धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा, कोरड्या मातीत घोळवून ठेवल्या की बरेच दिवस टिकतात. मीठ घालून कुकरला तीनचार शिट्ट्या, पांढरं टरफल काढायचं आणि काळ्या मसाल्याच्या वांग्यात टाकायच्या. चुलीच्या राखेत भाजायच्या तर आधी टोचा मारा, नाहीतर फुटून राख डोळ्यांत उडते.

चांगल्या फळाच्या चारपाच आठळ्या मात्र वाळवायच्या आतच जमिनीत गेल्या पाहिजेत, फणसाचं बी सुकलं की उगवत नाही. कापाच्या बियाला कापाच येईल असा भरवसा नाही आणि फळाला सातआठ वर्षं लागतील, पण सोटमूळ जागेवरच सरळ खाली जातं, पिशवीत वेटोळं होत नाही. ढिगाऱ्याच्या माथ्यावर इंच-दीड इंच खोल, आडव्या लावा. आणि भोवती आळं करू नका.