पितृत्वचाचणी करण्याआधी आणि केल्यानंतर

पितृत्वचाचणी हवी असे वाटणाऱ्याने प्रयोगशाळा शोधण्याआधी एका कागदावर लिहून काढावे, की उत्तर ‘होय’ आले तर आपण काय करणार आणि ‘नाही’ आले तर काय करणार. दोन्ही वेळी मुलाला तसेच वाढवणार असू, तर चाचणी कशासाठी, याचे उत्तर शोधावे. वागणूक बदलणार असेल, तर त्या बदलाचे चटके ज्याला बसणार, त्या मुलाच्या वतीने या निर्णयात कोण बोलत आहे, हे पाहावे.

शंका अनेकदा रक्तगटाच्या अहवालावरून सुरू होते. आईवडील दोघेही ओ गटाचे आणि मूल ए किंवा बी गटाचे, एवढ्यावरून आईकडे बोट दाखवू नये. आधी तिघांचेही रक्तगट पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नोंदीत चुका होतात. शिवाय १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्याचे वर्णन केले, तो बॉम्बे रक्तगट असलेली व्यक्ती नेहमीच्या तपासणीत ओ गटाची दिसते, पण तिच्याकडील ए किंवा बीचे जनुक मुलाकडे जाऊ शकते. हे दुर्मीळ आहे, तरी एखाद्याचा संसार मोडण्याआधी तपासण्याइतके महत्त्वाचे नक्कीच आहे.

डीएनए चाचणीत गालाच्या आतल्या बाजूवर कापसाची काडी फिरवतात. त्याआधी काही वेळ खाऊपिऊ नये, काडी हवेत वाळू द्यावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पाकिटात ठेवावी, कारण ओलसर नमुन्यावर बुरशी चढते. प्रयोगशाळा डीएनएमधील ठरावीक ठिकाणे तपासते, आणि अशा प्रत्येक ठिकाणी मुलाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. एखाद्या ठिकाणी आईचे आकडे (म्हणजे तिथला डीएनएचा छोटा तुकडा प्रत्येक प्रतीत किती वेळा येतो ती संख्या) १२ व १४ आणि मुलाचे १४ व १६ असतील, तर १६ वडिलांकडून आलेला असणार. एकाच ठिकाणी न जुळणे हे उत्परिवर्तनामुळेही (डीएनएमधील अचानक झालेल्या बदलामुळेही) घडते, म्हणून तेवढ्यावर निर्णय देत नाहीत. अनेक ठिकाणी न जुळल्यासच पितृत्व नाकारतात. आईचाही नमुना द्यावा, आणि शंका नवऱ्याच्या सख्ख्या भावावर असेल तर ते प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे, कारण भावाभावांत बरेच आकडे समान असतात. दात घासण्याचा ब्रश किंवा केस गुपचूप पाठवणे मात्र साफ चुकीचे आहे. गर्भावस्थेत ही चाचणी करून घेण्याचा विचारही करू नये. १९९४ च्या प्रसूतिपूर्व निदान कायद्यात परवानगी असलेल्या कारणांत पितृत्व नाही.

प्रकरण इंदूरच्या कुटुंब न्यायालयात जाणार असेल, तर घरी केलेल्या चाचणीवर भिस्त ठेवू नये, कारण नमुना खरोखर कोणाचा होता हेच सिद्ध होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार वैध विवाहात जन्मलेले मूल नवऱ्याचेच मानले जाते. हे खोडून काढायचे, तर गर्भधारणेच्या काळात पतीपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवावे लागते. मागितली की न्यायालय चाचणी देते, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सरसकट आदेश देण्यास नकार दिला आणि २०२३ मध्ये मुलाच्या खासगीपणाच्या हक्कावर भर दिला. चाचणी झालेली असेल, तर मात्र तिचा निकाल कायद्याच्या गृहीतकावर मात करू शकतो, असे २०१४ च्या निवाड्यात म्हटले आहे.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो कोणी न मागता सत्य हाती आल्याचा. मुलाला मूत्रपिंड देण्यासाठी वडील ऊतिजुळणीची तपासणी करतात आणि रक्ताचे नातेच नाही असे दिसते. अशा वेळी डॉक्टर, मामा किंवा आजोबा ‘त्यांच्याच भल्यासाठी’ गप्प बसायचे की सांगायचे, हे परस्पर ठरवतात. आमच्या मते ही वडीलकी दोन्ही बाजूंनी चुकीची आहे, कारण प्रौढ माणसाला काय पेलवेल हे दुसऱ्याने ठरवायचे नसते. पण आईच्या सुरक्षेला धोका असेल, तर सांगण्याची घाई ही सत्यनिष्ठा नव्हे. म्हणून नमुना देण्याआधीच दाता व रुग्ण यांनी वेगवेगळे बसून, अनपेक्षित निष्कर्ष निघाल्यास तो कोणाला सांगायचा, हे डॉक्टरांना विचारून संमतिपत्रात लिहून घ्यावे. निकाल हाती आल्यावर तो आधी संबंधित दोघांनी समुपदेशकासमोर वाचावा. घरातल्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे छायाचित्र जाता कामा नये. मूल सज्ञान होऊन स्वतः विचारू लागले, तर त्याला खोटे सांगू नये, म्हणून मूळ अहवाल फाडून न टाकता बंद पाकिटात जपून ठेवावा.