ईपी (हृदयाची विद्युत तपासणी) लॅबमध्ये नव्याने रुजू होताय?

कॅथलॅबला लागलेली टेक्निशियन मुलं अँजिओप्लास्टीला लवकर सरावतात. ईपीची केस लागली की तीच मुलं कोपऱ्यात जाऊन उभी राहतात. साहजिक आहे. अँजिओत अडथळा डोळ्यांना दिसतो. इथे पडद्यावर नुसत्या रेषा, त्याही 25 ऐवजी 100 किंवा 200 मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने धावणाऱ्या. ओळखीचा ईसीजीसुद्धा अनोळखी वाटतो.

सुरुवातीला थ्री-डी मॅपिंगच्या रंगांच्या नादी लागू नका. रंग नंतर कोणीही शिकवतं. आधी हिस कॅथेटरवरचे (हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत मार्गावर ठेवलेल्या तारेवरचे) तीन ठसे ओळखा: ए (वरचा कप्पा), एच (हिस, मधला मार्ग) आणि व्ही (खालचा कप्पा, व्हेंट्रिकल). एएच, म्हणजे ए पासून एच पर्यंतचा वेळ, साधारण 50 ते 120 मिलिसेकंद, एचव्ही 35 ते 55. एचव्ही फारच कमी आला, तर व्हेंट्रिकलमध्ये जाणारी जादा वाट आहे का, हा प्रश्न मनात यायला हवा. पेसिंग करताना (तारेतून ठोके देताना) एस-टू, म्हणजे मुद्दाम लवकर दिलेला ठोका, दहा मिलिसेकंदांनी अलीकडे आणला आणि एएच एकदम पन्नास किंवा जास्तने लांबला, तर ती ‘जंप’: एव्ही नोडमध्ये (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत सांध्यात) दोन वाटा आहेत.

धडधड थांबवायला त्यातली स्लो वाट जाळताना तुमची खरी परीक्षा. आरएफ (जाळणारी रेडिओलहर) सुरू होताच जंक्शनल ठोके (एव्ही नोडच्या आसपासून उठणारे) दिसले तर बरंच, जागा योग्य असल्याची ती खूण. पण नजर प्रत्येक ठोक्यामागच्या ए वर हवी. व्ही आला आणि ए गायब झाला, तर त्याच क्षणी मोठ्याने ‘ऑफ’ म्हणा. सर काय म्हणतील याचा विचार नको. कायमचा ब्लॉक झाला, म्हणजे वरून खाली ठोका पोचणंच बंद झालं, तर पेशंटला पेसमेकर बसवावा लागतो, आणि यातले बरेच पेशंट तरुण असतात.

बाकी कामं साधीच. डिफिब्रिलेटरचे पॅड पंक्चरच्या आधी लागलेले हवेत, टीएलडी बॅज (अंगावर पडलेले क्ष-किरण मोजणारा) खिशात नको, लेड ॲप्रनच्या आत छातीवर हवा. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) कधी थांबवला हे आदल्या दिवशीच विचारा. औषध अंगात असेल तर टॅकिकार्डिया (धडधड) सुरूच होत नाही, मग आयसोप्रेनालिन (ठोके वाढवणारं औषध) लावून सगळे ताटकळत बसतात. धडधड होत असताना काढलेला जुना ईसीजीही मागून घ्या. वर्षानुवर्षं ‘टेन्शन आहे’ ऐकत आलेल्या बायकांच्या पर्समध्ये तो हमखास सापडतो. निम्मं निदान त्यातच असतं.

केस संपली की लगेच घरी पळू नका. रेकॉर्डिंग पुन्हा लावा आणि कॅलिपर घेऊन स्वतः मोजा.