सेप्सिस ओळखताना या चुका टाळा

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचेच अवयव बिघडायला लागणं. वाढलेला श्वास ही त्याची खूण, पण कॅज्युअल्टीतला कुठलाही चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात १८ नाहीतर २०. बोट कापून आलेला पोरगा असो की धापा टाकणारा म्हातारा. नव्या नर्स मुलींना मोबाईल बघायला वेळ मिळतो, श्वास मोजायला नाही.

एकदा सत्तरीच्या आजी आल्या. डायबेटिस, बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल चालू. "आई कालपासून काहीतरीच बोलतेय," मुलगा सांगत होता. ताप नाही, नाडी ८८, बीपी ११०/७०, श्वास अर्थातच १८. सिस्टरने 'स्टेबल' लिहून त्यांना बाकड्यावर बसवलं. बडबड वयाच्या खाती जमा. मी पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजलं: २८. पावलं गार, नख दाबून सोडलं तर लाली परत यायला वेळ लागत होता. घरी वरचं बीपी १६० असायचं, म्हणजे ११० हे पडलेलंच. नाडी अ‍ॅटेनोलॉलच्या गोळीने दाबलेली. न्यूज-२ मध्ये (पेशंट किती गंभीर ते गुणांत मोजायची पद्धत) श्वासाचे ३, नव्याने झालेल्या गोंधळाचे ३, बीपीचा १. सातला डॉक्टरला तातडीने बोलवायचं असतं. चार्टवरच्या आकड्यांनी मात्र जेमतेम १ भरत होता! सेप्सिसच होता, मूळ निघालं लघवीच्या इन्फेक्शनमध्ये.

म्हणून माझ्या ड्युटीत श्वास पूर्ण ६० सेकंद, आणि नाडी मोजतोय असं भासवून. पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मला चालत नाही.

ताप नाही म्हणून सेप्सिस नाही, हे डोक्यातून काढा. म्हाताऱ्यांचं अंग उलट गारही पडतं.

क्विक सोफाच्या (सेप्सिस हेरायची झटपट यादी) तीन खुणा, म्हणजे श्वास, बीपी आणि शुद्ध, पाठ केल्या की झालं, असं समजणाऱ्यांचा मला वैताग आहे. चाळणी म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे.

रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांवरून. पण शीर सापडत नाही म्हणून डोस अडवून बसू नका. शॉक (बीपी कोसळणं) असेल तर डोस तासाच्या आत जायलाच हवा.

लघवीची पिशवी बघा. तासाला किती, ते लिहा.

आणि डॉक्टरांना "सर, जरा येऊन जाता का" असा फोन नको. "श्वास २८, नव्याने असंबद्ध बोलतायत, सेप्सिसचा संशय आहे," असं सांगा, वेळ टिपा. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर पुन्हा लावा. ओरडले तर ओरडू देत.