जमिनीच्या वादात वकिलाकडे जाण्याआधी: कागद, तारखा आणि फी

मराठवाड्यात शेजाऱ्याने बांध कोरला, वाट अडवली किंवा फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या सरकारी नोंदीत) भलतंच नाव चढलं, की आधी भावकीची बैठक बसते. मग मामा येतात, सरपंच येतात. समेट झाला तर उत्तमच, पण कायद्याची मुदत बैठकीसाठी थांबत नाही. म्हणून वकील शोधायच्याही आधी आपल्या हातात किती दिवस आहेत ते बघा.

तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे ६० दिवस मिळतात. वहिवाटीची वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा करायचा तो अडवल्यापासून ६ महिन्यांत. तुमच्यावरच दिवाणी दावा झाला असेल, तर समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यावी लागते. कोर्टाने मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण ‘घरात लग्न होतं’ हे कारण फार चालत नाही. समन्स किंवा नोटीस ज्या पाकिटात आली ते पाकीट फेकू नका. टपालाचा शिक्का हाच मुदत कधी सुरू झाली याचा पुरावा ठरू शकतो. कागदाला टाचणी लावून सोबत ठेवा.

वकील निवडताना काम कुठे चालणार हे आधी ठरतं. फेरफार, वाट, बांध ही तहसील आणि उपविभागीय कार्यालयातली कामं. वाटणी, मालकी ठरवणं, कायम मनाई हुकूम यासाठी दिवाणी न्यायालय. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. त्यामुळे महसुलात जिंकूनही दिवाणीत हरलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतात. काही वकिलांचा दिवस तहसीलच्या आवारातच जातो, काहींचा कोर्टात. आपल्या कामाचा बघा. ‘हायकोर्टाचाच पाहिजे’ म्हणत सुरुवातीलाच छत्रपती संभाजीनगरचं हायकोर्टाचं खंडपीठ गाठायची गरज नसते. खंडपीठाचं काम पुढे, खालचा निकाल लागल्यावर. तालुक्याच्या कोर्टात तारखेला उभा राहणारा माणूस तालुक्याचाच बरा.

नाव कळलं की कामकाजाच्या दिवशी सकाळी ११ वाजता कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. तो स्वतः उभा राहतो की ज्युनिअर नुसती तारीख मागून घेतो, हे बघितल्यावर चौकशीला फारसं काही उरत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा सनद क्रमांक (वकिलीच्या परवान्याचा) विचारायला लाजू नका. तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक अडचण असते: ज्याच्याकडे तुम्ही निघालात, त्याच्याकडे तुमचा चुलतभाऊ मागच्या आठवड्यात जाऊन आलेला असतो. फोनवर सगळी हकीकत सांगण्याआधी समोरच्या पक्षाचं नाव सांगा आणि त्याचं काम घेतलं आहे का, ते विचारून घ्या.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना तिथे मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

आता कागद. चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि संबंधित सगळे फेरफार हे कुणीही सांगेल. ऑनलाइन, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. पण मराठवाड्यातली जमीन निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आली आहे, आणि वादाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. १९५४-५५ चं खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढून आणाच. त्या साली जमीन कोणाच्या नावावर आणि कब्जा कोणाचा, हे त्यावरून कळतं. आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर वेगळे असतात, तेव्हा कोणत्या सर्व्हेचा कोणता गट झाला हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा सोबत हवा. तो नसला तर वकील भलत्याच शेताचे कागद वाचत बसतो. जुने कागद उर्दूत असतील तर ‘आता कोण वाचणार’ म्हणून पेटीत ठेवू नका. मुंतखब हा इनामाचा कागद. इनाम किंवा वक्फ जमिनीत त्याच्यावर सगळं फिरतं. फसली सनात (निजामाच्या महसुली सालात) ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं: १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

कुळाचा विषय असेल तर इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागतो. पुणे-नाशिककडच्या कुळकायद्यातलं ‘३२ ग’ (कुळाने जमीन विकत घेण्याचं कलम) इथे चालत नाही. कलम ३८ ई (कुळाला मालकी) आणि ५० ब (अशी जमीन विकण्यावरची बंधनं) ची कामं केली आहेत का, एवढं विचारलं तरी समोरच्या वकिलाचा अंदाज येतो. मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न असेल तर वाटणीपत्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत झालं होतं का, ते शोधून ठेवा; तशी जुनी वाटणी मोडत नाही.

कागदांइतकीच महत्त्वाची तारीखवारी. एका फुलस्केप कागदावर डावीकडे तारीख, मधे काय झालं, उजवीकडे त्याचा कागद. उदाहरणार्थ: ‘१२ जून २०२३ – गट ११४ च्या पूर्व बांधाची मोजणी – क प्रत (मोजणीचा नकाशा) आहे’, ‘३ जुलै २०२३ – खुणेचे दगड उपटले – कागद नाही, शेजारच्या शेतातल्या दोघांनी पाहिलं’. ‘कागद नाही’ हेही लिहायचंच. खाली वंशावळ काढा, मयतांच्या मृत्यूच्या तारखांसह आणि लेकी-बहिणींच्या नावांसह. बहिणीचं नाव गाळलं तर आवश्यक पक्षकार राहिला म्हणून दावा पुढे अडकतो, आणि हे हमखास होतं.

भेटीला दोघांनी जा: ज्याला सगळं ठाऊक आहे तो, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे तो. आईच्या नावावर असेल तर आईलाच न्या, वकीलपत्रावर सही तिची लागते. आपल्या विरोधातली गोष्ट आधी सांगा: कोऱ्या बाँडवर सही केली होती, इसार घेतला होता, मागे एक दावा काढून घेतला होता. ते उलटतपासात कळलं तर वकिलाच्या हातात काही राहत नाही. तुम्ही सल्ल्यासाठी सांगितलेलं वकिलाने बाहेर फोडू नये, असं संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे; मात्र पुढे करायच्या बेकायदा कामाला ते लागू नाही.

फी टप्प्याने ठरवा: दावा दाखल, मनाई अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद. कोर्ट फी, टायपिंग, समन्सचा भत्ता आणि नकला यात धरल्या की वेगळ्या, ते तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या. ‘जमीन मिळाली की एक एकर द्या’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. असं बोलणारा सापडला तर चहा पिऊन उठा. मूळ कागद दाखवा, पण झेरॉक्स द्या. मूळ ठेवावेच लागले तर यादीवर पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, मुन्शी (वकिलाचा कारकून) कितीही घाईत असला तरी.

दावा दाखल झाला की १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. सलग तीन-चार तारखा आपल्याच बाजूने वाढवून मागितलेल्या दिसल्या तर जाऊन कारण विचारा. वकील बदलायचा झाला तर जुन्याची ना-हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र दाखल होतं. आणि फी राहिली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे.