मेडिकलवर मुलांना शिकवताना या चुका टाळा

डी.फार्म.ची, म्हणजे फार्मसी डिप्लोमाची, दोन वर्षं संपली की मुलं आपल्याकडे ट्रेनिंगला येतात. तीन महिने, ५०० तास. त्यातले किमान २५० तास चिठ्ठी वाचून प्रत्यक्ष औषध देण्यात जायला हवेत. पण काही मुलांचे निम्मे दिवस रॅक पुसण्यात आणि खोकी फोडण्यात जातात. ती कोणती मुलं, हे एकदा नीट बघा.

फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा काउंटरवर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी मागे, ही वाटणी मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. दोन दिवसांत ‘हा हुशार, ही मंद’ ठरवायची नव्या मालकांना फार घाई. तयार मुलगा उभा केला की आपलं काम हलकं होतं ना! मीही हेच केलं होतं.

संधिवाताच्या एका मावशींना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि फॉलिक अ‍ॅसिड रोज, अशी चिठ्ठी होती. माझ्या ‘हुशार’ मुलाने पाकिटांवर नेमकं उलटं लिहिलं. गर्दीत मीही तपासलं नाही. मागे बसून माल लावणाऱ्या मुलीला ते दिसलं होतं. रात्री शटर ओढताना ती हळूच म्हणाली, "सर, सकाळच्या त्या मावशींचं पाकीट..." बिलावर नंबर होता, लगेच फोन केला. एकच गोळी पोटात गेली होती. डॉक्टरांना कळवलं, निभावलं. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं.

"सकाळीच का नाही बोललीस?"

"वाटलं, माझंच चुकत असेल."

आदल्याच आठवड्यात ती ‘सिप्रोफ्लॉक्सासिन’ वाचताना अडखळली, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो होतो, "मराठी मीडियम का?" सगळे हसले होते. तिचं तोंड मीच बंद केलं होतं.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळ्या लिहितो. काउंटर, माल, बिलिंग, सगळं सगळ्यांना. चूक दाखवायची ती आत, फ्रिजपाशी नेऊन. आणि औषध हातात देण्याआधी शेजारच्या मुलाने चिठ्ठी परत वाचायची, मग लिहिणारा कितीही तयार असो.

आडनाव ऐकून "कुठल्या कॅटेगरीतून अ‍ॅडमिशन?" विचारू नका. कधीच नाही.

मुलींना संध्याकाळच्या गर्दीतून काळजीपोटी वगळू नका. खऱ्या चिठ्ठ्या तेव्हाच येतात. घरी जायची अडचण असेल तर तिलाच विचारून वेळ ठरवा.

कंडोम मागणारं गिऱ्हाईक आलं की मुलीला आत पाठवणंही बंद करा. तिला उद्या हेच काम करायचं आहे.

नमाजाला किंवा उपासाला वेळ लागला तर टोमणा नको, पाळी बदलून द्या.

शेवटी ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्या मुलाचे काउंटरवरचे तास मोजा. कमी भरले तर आणखी आठ दिवस बोलवा आणि पुढे उभं करा.