बाळाच्या फोटोत डोळ्याची पांढरी बाहुली कशी ओळखावी

बारसं, जावळ, पहिला वाढदिवस. तालुक्याच्या गावातला माझा स्टुडिओ यावरच चालतो. फोटो हातात देण्याआधी प्रत्येक बाळाचे डोळे मी स्क्रीनवर मोठे करून बघतो. मोबाईल असलेल्या प्रत्येक आईवडिलांनी हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून परततो, म्हणून बाहुली लाल दिसते. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट किंवा पिवळसर, मांजराच्या डोळ्यासारखी चमकणारी दिसली, तर पडद्यावर गाठ असू शकते. हा रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याचा कॅन्सर. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. कधी दोन्ही डोळ्यांत असतो, तेव्हा दोन्ही बाहुल्या बघा.

खोलीत उजेड कमी ठेवा, म्हणजे बाहुली मोठी होते. फ्लॅश चालू, पण ‘रेड आय’ घालवणारी सेटिंग बंद. नाहीतर जे बघायचं तेच पुसलं जातं. बाळाला मांडीवर घ्या आणि कुणाला तरी लेन्सशेजारी खुळखुळा वाजवायला सांगा. मग तो थोडा डावीकडे, उजवीकडे, वर न्यायचा आणि प्रत्येक नजरेचा फोटो काढायचा.

बाळ तिरकं बघत असेल तर निरोगी डोळाही एखाद्या फोटोत पांढरा चमकतो. मोतीबिंदूनेही असं दिसतं, आणि तोही बाळाला असेल तर थांबून चालत नाही. म्हणून एकाच फोटोत दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. उलट, सगळे फोटो लाल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. डोळा तिरळा व्हायला लागला असेल तर तपासणी हवीच.

आईला मी एवढंच सांगतो, “ताई, या डोळ्यातून उजेड वेगळा परततोय. याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बाहुली मोठी करून पडदा तपासा म्हणावं.” आणि मूळ फोटो देतो. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघत बसू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही फोटो दाखवता येतो. पण ते येईपर्यंत थांबायचं नाही.

जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. निदान उशिरा होतं, औषध मिळत नाही, उपचार अर्ध्यावर सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत जगभरात कॅन्सर झालेली किमान 60 टक्के मुलं तरी वाचावीत. त्यासाठी निवडलेल्या सहा कॅन्सरांत रेटिनोब्लास्टोमा आहे. वेळेत सापडला तर तो बरा होतो.

गाठ लहान असेल तर लेझर, गोठवणं, केमो असे उपाय असतात. मोठी असेल तर बऱ्याचदा डोळा काढावा लागतो. तिथेच घरचे गळाठतात, पोराला उचलून परत आणतात, अंगारे-धुपारे सुरू होतात. नातेवाईक असाल तर त्या वेळी त्यांच्यासोबत राहा. कृत्रिम डोळा बसतो, मूल शाळेत जातं, खेळतं. गाठ डोळ्याबाहेर पसरली तर जीव वाचवणं फार कठीण होतं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या कॅन्सरवर उपचार होतात. सरकारी योजनेतून खर्च कसा मिळेल, हे तिथल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी विचारा.

हा आजार काही घरांत पिढीतून येतो. एकाला निघाला की पाठच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या, नव्याने जन्मलेल्या बाळाचे तर पहिल्याच आठवड्यांत.