इंजिनिअरिंगला जायचंय? मग अकरावीला चौथा विषय कोणता घ्यायचा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे आधी कॉलेज ठरतं आणि विषय फॉर्म भरताना सुचतील तसे पडतात. हे उलटं करा. आधी विषय ठरवा, कारण प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात प्रत्येक विषय नसतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला असून १० पर्यंत पसंती देता येतात. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून नुसत्या नावावर सातारा किंवा सांगलीचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. तिथे तुमचा चौथा विषय शिकवतात का, याची चौकशी आधीच करा.

फिजिक्स आणि मॅथ्सला पर्याय नाही. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला या दोन विषयांसोबत एक तिसरा विषय लागतो आणि तिन्ही मिळून ४५ टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के) असावे लागतात. नियमात तिसऱ्यासाठी केमिस्ट्रीशिवाय इतर विषयही आहेत, पण त्या वाटेला जाऊ नका: सीईटीच्या (राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतातच. फॉर्म भरताना होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे मॅथ्स सोडून बायोलॉजी घेणं आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक्स आहे म्हणून इंजिनिअरिंगचा रस्ता उघडा आहे असं समजणं. मॅथ्स नसेल तर तो बंद होतो. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तरी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सच लागतात. साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत हे दोन्ही पर्याय एकाच वेळी डोक्यात असतात, त्यामुळे तिथे पीसीएम अधिकच सोयीचं.

आता चौथा विषय. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली बायोलॉजी. "असू दे, मेडिकलचाही चान्स राहील" म्हणून बहुतेक जण घेतात. थिअरी ७०, प्रॅक्टिकल ३०, आणि पाठांतर भरपूर. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत, म्हणजे दोन्हींकडे पाहणाऱ्याची तयारीही दुप्पट होते. नीटचा (मेडिकलची प्रवेश परीक्षा) खरोखर विचार असेल तरच घ्या. नुसत्या इंजिनिअरिंगसाठी तिचा उपयोग नाही. बायोटेक्नॉलॉजी शाखेला गेलात तर थोडीफार मदत होईल, एवढंच.

दुसरी बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय. हा २०० गुणांचा विषय असून दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स असे पर्याय असतात. गुणांसाठी क्रॉप सायन्स घेणारीही मुलं आहेत. कॉम्प्युटर सायन्सला ५०-५० गुणांचे दोन लेखी पेपर आणि तितक्याच गुणांची प्रॅक्टिकल्स. अभ्यासक्रमात सी प्लस प्लस, एचटीएमएल, मायक्रोप्रोसेसर, नेटवर्किंग येतं, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीचं प्रोग्रॅमिंग परकं वाटत नाही. आमच्या मते इंजिनिअरिंगचं पक्कं असेल तर हीच वाट बरी. एकच अट: लॅब चालू आणि शिक्षक हजर असायला हवेत. कॉलेज पाहायला जाल तेव्हा लॅबचं दार उघडून बघा. संगणकांवर प्लास्टिक कव्हर आणि धूळ असेल तर ते २०० गुण घरीच कमवावे लागतील.

तिसरी आयटी. हा १०० गुणांचा विषय: ८० गुणांची ऑनलाइन परीक्षा आणि २० गुणांचं प्रॅक्टिकल. काही कॉलेजांत दुसऱ्या भाषेच्या जागी मिळतो. बायफोकल नसेल तर हा घ्या.

तीनपैकी कोणतीही निवडा, पण एक हिशेब मांडून: मॅथ्सला रोज किती वेळ उरतो? सीईटी २०० गुणांची, त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि त्यांनाही ९० मिनिटंच. निगेटिव्ह मार्किंग नाही. वीस टक्क्यांच्या आसपास प्रश्न अकरावीवर येतात, म्हणून "अकरावी आरामाची" हे ऐकून सोडून द्या. मॅथ्समध्ये अकरावीचं ट्रिगोनोमेट्री, सरळ रेषा, वर्तुळ, प्रॉबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर, फंक्शन, लिमिट हे सीईटीला आहे. शिवाय ट्रिगोनोमेट्री कच्ची राहिली की बारावीचं इंटिग्रेशन जागेवर अडतं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीत घेता येतो, मॅथ्सचा मात्र फक्त इंग्रजीत. शिकवणंही इंग्रजीतच. त्यामुळे जूनआधी एका वहीत अंश, छेद, वर्गसमीकरण, लंब, स्पर्शिका यांची इंग्रजी नावं उतरवून काढा. लॉगॅरिदमही शिका: तो दहावीला नसतो, अकरावीला केमिस्ट्रीचे सर तो येतो असं धरून पुढे जातात आणि बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबलच वापरावं लागतं.

जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीला (केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत) जायचं असेल तर बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. तेव्हा नुसता क्लास करून कॉलेजला दांडी मारणाऱ्यांनी जर्नल आणि प्रॅक्टिकलचे ३० गुण बुडवू नयेत.

क्लास आणि कॉलेज दोन गावांत निवडू नका. सातारा-कराड पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे; एसटीत रोज दोन-अडीच तास गेले तर मॅथ्सची वही उघडायलाच होत नाही. सांगली-मिरज असेल तर हा प्रश्न येत नाही.

आणि बारावीच नको वाटत असेल तर दहावीनंतर कराड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. पुढे डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी न देता, डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. अडचण तिथे येते. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि तिसऱ्या सेमिस्टरचं गणित त्यावरच उभं असतं. या वाटेने जाणाऱ्यांनी डिप्लोमाच्या शेवटच्या उन्हाळ्यात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन बारावीच्या पुस्तकातून सोडवून ठेवावीत.